खिळा आणि मळसूत्र

देवळाचा कळस दुरून दिसतो, घराचा दरवाजा जवळून दिसतो, भिंती तर आंत राहणाऱ्यास नको तितक्या दिसतात. पाया मात्र कोणासच दिसत नाहीं, आणि तो दिसूं लागला कीं समजावें, घराचे दिवस भरले. यामुळेंच कीं काय, पायाविषयींचें बोलणें सभ्य मंडळींत फारसें होत नाहीं. वास्तुशांतीस आलेले पाहुणे फरशीचा रंग पाहतात, खिडक्यांचीं तावदानें पाहतात, स्वयंपाकघरांतील ओटा पाहून यजमानीणबाईंचें कौतुक करितात. परंतु 'जमिनीखालीं किती हात गेलां?' असें विचारणारा पाहुणा आम्हीं अद्याप पाहिला नाहीं. आम्हीं तरी तो प्रश्न कशाला विचारला असता? पण गेलीं दोन वर्षें आमच्या घरामागें, खाडीच्या बाजूस, विजेच्या एका उपकेंद्राचा पाया घालण्याचें काम चाललें होतें. आणि ज्या घरांत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कपांतला चहा आपोआप थरथरतो, त्या घरांतील माणसें पायाचा विचार करूं लागलीं तर त्यांत नवल तें काय?

उपकेंद्राची जागा म्हणजे खाडीनें शतकानुशतकें आणून टाकलेला गाळ. उन्हाळ्यांत ती सपाट व भरंवशाची दिसते. पावसाळ्यांत तींत पाय घातला कीं गुडघा दिसेनासा होतो. अशा भूमीवर अवजड रोहित्रें उभीं करावयाचीं म्हणजे गाळाखालीं जेथें मुरूम किंवा खडक लागेल तेथपर्यंत खांब पोंचविले पाहिजेत. ते पोंचविण्याची तेथील रीत आमच्या पूर्वजांनीं गोठ्यापुढें मेढ रोवतांना वापरलेल्या रीतीहून तत्त्वतः निराळी नव्हती: वरून वजन टाकावयाचें, उचलावयाचें, पुन्हा टाकावयाचें. जाड पोलादी नळी उभी करीत, तिच्या डोक्यावर यंत्राचा घण पडे, एकेका ठोक्यास ती बोटभर खालीं जाई. ती तळाशीं लागली कीं तींत सळयांचा पिंजरा सोडून काँक्रीट ओतीत. एक खांब झाला कीं दुसरा. आम्ही मोजीत होतों. शंभराच्या पुढें मोजण्याचें सोडून दिलें.

या अवधींत आमच्या देवघराच्या भिंतीस एक चीर पडली. आम्हीं संबंधित कचेरीस अर्ज केला. तीन महिन्यांनीं उत्तर आलें कीं, सदर चीर काम सुरू होण्यापूर्वींची असावी. उत्तर लिहिणाऱ्या गृहस्थांनीं भिंत पाहिली नव्हती. पण न पाहतां इतक्या निश्चयानें लिहितां येणें हीही एक विद्याच आहे, आणि ती आमच्या अंगीं नसल्यामुळें आम्हीं मुकाट्यानें गवंडी बोलावून चीर बुजविली.

भिंत वाळल्यावर तिच्यावरील फळी पुन्हा बसविण्यास आमचे नेहमींचे सुतार मेस्त्री आले. जुने खिळे उपटतांना फळीच्या कडेचा निम्मा चुरा झाला. मेस्त्री ती फळी हातांत धरून म्हणाले, "भाऊ, खिळा मारणाऱ्याला काही वाटत नाही; हाल होतात ते काढणाऱ्याचे. ह्याला इस्क्रू असते ना, तर उलटे फिरवले की आले असते बाहेर, आणि फळी आणखी वीस वर्षं चालली असती." आमच्या भाषेंत या इस्क्रूस मळसूत्र असा एक जुना शब्द आहे. हल्लीं तो कोशांतच भेटतो, ही खेदाची गोष्ट आहे. कारण शब्द उच्चारतांनाच कांहींतरी वळत-वळत आंत जात आहे असें वाटतें.

आमचा एक पुतण्या पाये घालण्याच्याच धंद्यांत आहे. रविवारीं तो जेवावयास आला असतां आम्हीं मेस्त्रींचें बोलणें त्यास मोठ्या चवीनें सांगितलें, आणि त्या बोलण्यांत आमच्या घरामागील घणासही एक टोमणा होता हें लपविलें नाहीं. तो हंसला. "काका, जमिनीला मळसूत्र लावायची कल्पना तुमच्या मेस्त्रींच्या आधी जवळजवळ दोनशे वर्षं एका माणसाला सुचली होती. आणि त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं." हें ऐकून आमची भाकरी ताटांतच राहिली. पुढें कांहीं महिने आम्हीं त्या माणसाविषयीं मिळेल तें वाचलें. आणि त्याच्याविषयीं जें कळलें तें वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

अलेक्झांडर मिचेल याचा जन्म १७८० सालीं डब्लिन येथें झाला व पुढचें आयुष्य बेलफास्ट येथें गेलें. दृष्टि लहानपणापासून अधू होती. वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास ती पूर्ण गेली. अशा तरुणानें कोणाच्या तरी आश्रयानें दिवस काढावे अशी त्या काळची अपेक्षा असली तर नवल नाहीं. यानें विटा पाडण्याचा कारखाना काढला, घरें बांधलीं आणि विटांच्या कामीं लागणारीं यंत्रें स्वतः योजिलीं. मळसूत्री खांबाचें पेटंट त्यानें १८३३ सालीं घेतलें, तेव्हां त्यानें पन्नाशी ओलांडली होती.

अडचण होती ती अशी. इंग्लंडच्या किनाऱ्यालगत कित्येक ठिकाणीं रेतीचे मोठमोठे दांडे आहेत. भरतीस ते पाण्याखालीं जातात व जहाजें त्यांवर रुततात. तेथें दिवा तर पाहिजे. पण दीपगृहास खडक पाहिजे आणि खडक नाहीं. दिवा लावलेली नौका नांगरून ठेवावी तर वादळांत नांगर तुटतो. लांकडी खांब ठोकावे तर लाटा त्यांस हलवून-हलवून सैल करितात, कारण ठोकलेल्या खांबास रेती केवळ अंगाबरोबर धरून असते. मिचेलनें लोखंडी खांबाच्या टोकास सुमारें चार फूट व्यासाचें, मळसूत्राच्या एखाद्या फेऱ्याएवढें रुंद पातें बसविलें. खांब वरून फिरविला कीं पातें रेतींत शिरत-शिरत खालीं जाई. आणि खालीं गेल्यावर त्याच्या रुंद पाठीवर वरच्या सगळ्या रेतीचें ओझें बसे व पोटाखालीं खालची दाबलेली रेती आधार देई. म्हणजे तो खांब सहजासहजीं खचत नसे व उपटलाही जात नसे. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची, कारण समुद्र वस्तूंस जितका दाबतो तितकाच उचलतोही.

टेम्स नदीच्या मुखाशीं मॅप्लिन नांवाचा दांडा आहे. तेथें १८३८ सालीं असे नऊ खांब रेतींत सुमारें बावीस फूट खोल फिरवून बसविण्यांत आले. तराफ्यावर रहाट मांडून माणसें त्याचे दांडे ढकलीत गोल-गोल चालत; कोल्हूभोंवतीं बैल फिरतो तसें. खांब बसल्यावर वरचें घर घाईनें बांधलें नाहीं. समुद्र त्यांचें काय करितो हें आधीं पाहिलें, आणि दिवा १८४१ सालीं लाविला. दरम्यान लँकेशायरच्या किनाऱ्यावर फ्लीटवुडजवळ वायर नदीच्या मुखाशीं याच पद्धतीचें दुसरें दीपगृह १८४० सालींच उजळलें होतें. मिचेल स्वतः कामावर जाई, फळ्यांवरून सरपटत खांबापर्यंत पोंचे आणि सांधे हातांनीं चाचपून पाही. १८४८ सालीं लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढें त्यानें समुद्रांतील पायांविषयीं निबंध वाचला व संस्थेचें टेलफर्ड पदक त्यास मिळालें. १८६८ सालीं तो वारला. ज्यानें आयुष्याचीं साठांहून अधिक वर्षें एकही दिवा पाहिला नाहीं, त्याच्या खांबांवर दोन खंडांच्या किनाऱ्यांवर दिवे जळत होते. या योगायोगावर एखादा कवि भाळला असता. आम्हांस त्याहून अधिक मोह पडतो तो त्याच्या हातांचा. मळसूत्र फिरवितांना जमीन घट्ट लागते कीं सैल, हें फिरविणाऱ्यास दांड्यांतूनच कळतें. त्यासाठीं डोळे लागत नाहींत.

मळसूत्र फार लौकर आपल्याकडेही आलें. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे आपल्या आजोबांची बी. बी. सी. आय., हिच्या वाटेवर नद्या आणि खाड्या यांची रांगच लागते. कर्नल केनेडी यांनीं त्यांवरील पुलांसाठीं मिचेलचे खांब निवडले. १८६० च्या सुमारास भडोचजवळ नर्मदेवर असा पूल झाला; पुढें वसईच्या खाडीवरही मळसूत्री खांबांनींच गाडी पलीकडे नेली. खांब फिरविण्यास आपल्याकडे माणसांऐवजीं बैल जुंपले होते. नर्मदेच्या पात्रांत बैलांच्या जोड्या एका लोखंडी दांड्याभोंवतीं फिरत आहेत व विलायतेहून आलेला खांब इंचाइंचानें रेतींत उतरत आहे, हें दृश्य आम्हांस आगगाडीहूनही अधिक पाहण्यासारखें वाटतें. परंतु येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. नर्मदेनें त्या पुलास सुखानें नांदूं दिलें नाहीं. पुरांत नदीचा तळच वाहून जातो, आणि ज्या रेतीवर पात्याचा भरंवसा, तीच निघून गेली तर पात्यानें काय करावें? पूल पुन्हा पुन्हा मोडला, आणि अखेरीस १८८१ सालीं अधिक खोल व अधिक अवजड पायांवर नवा पूल उभा राहिला. मॅप्लिनच्या दीपगृहाचेंही असेंच झालें. प्रवाहांनीं खालची रेती नेली व १९३२ सालीं तें वाहून गेलें.

"मग तुझा घणच खरा म्हणावयाचा?" असें आम्हीं पुतण्यास विचारलें.

"खरा-खोटा नाही काका. ओझं वाढलं," तो म्हणाला. "आणि ओझ्याची दिशा बदलली."

त्यानें जें समजावून सांगितलें तें आमच्या शब्दांत असें. टेम्सच्या मुखाच्या उत्तरेस, एसेक्सच्या किनाऱ्यासमोर, गनफ्लीट नांवाचा आणखी एक रेतीचा दांडा आहे. त्यावर १८५० सालीं मिचेलच्या पद्धतीचें दीपगृह बांधलें. १९२१ सालीं तें सोडून दिलें. पण लोखंडी पायांवरचें तें ओसाड घर अजून तेथें उभें आहे. त्याच दांड्यावर २०१० सालीं वीज निर्माण करणाऱ्या ४८ पवनचक्क्या सुरू झाल्या. एकाच रेतींत, एकमेकांस दिसतील अशा अंतरावर, पायाच्या दोन विद्या उभ्या आहेत. दीपगृह म्हणजे लहानसें घर; त्याचें वजन खालीं दाबतें, वादळ त्यास थोडें हलवितें. पवनचक्कीचें वजन हा तिच्या पायाचा मुख्य प्रश्नच नव्हे. साठ-सत्तर मीटर उंचीवर तिचीं पातीं वारा अडवितात, अडविण्यासाठींच तीं आहेत, आणि तो वारा वर्षानुवर्षें, रात्रंदिवस, तिला आडवें पाडण्याचा प्रयत्न करितो. असा बाजूचा रेटा सडपातळ मळसूत्री खांबास सोसवत नाहीं. त्यास रुंद वासा पाहिजे. म्हणून पोलादाचे जाड पत्रे वळवून, सांधून, चार-पांच मीटर व्यासाची एक प्रचंड नळी करितात व ती एकच नळी समुद्राच्या तळांत ठोकतात. इंग्रजींत तिला मोनोपाइल म्हणतात. आपण एकखांबी म्हणूं. अलीकडच्या एकखांबींचें वजन हजारों टनांच्या घरांत जातें. गांवाकडील मारुतीचें अख्खें देऊळ जिच्या पोटांत मावेल अशी ही नळी आहे, आणि तिला एक जहाज समुद्रांत उभी धरतें, हें आम्हांस अजूनही पुरतें खरें वाटत नाहीं.

अशा नळीस तळांत बसविण्यास घणाचे हजारों ठोके पडतात. आमच्या घरामागचा घण त्याच्यापुढें खेळणें. आणि पाण्यांत आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगानें धांवतो व दूरवर जातो. उत्तर समुद्रांत पॉर्पॉइज नांवाचा एक लाजाळू प्राणी आहे. आपले कोळी ज्यास गादा म्हणतात त्या डॉल्फिनचा हा धाकटा भाऊ. तो कानांनीं पाहतो असें म्हटलें तरी चालेल, कारण आपल्याच आवाजाचे पडसाद ऐकून तो मासा शोधतो व वाट काढतो. घण सुरू झाला कीं हे प्राणी पंधरा-वीस किलोमीटरपर्यंतचा समुद्र सोडून जातात, असें डेन्मार्कच्या समुद्रांत केलेल्या निरीक्षणांत दिसून आलें. तेव्हां जर्मनीनें नियम घातला: ठोकण्याच्या जागेपासून ७५० मीटरांवर पाण्यांतील एकेका ठोक्याचा आवाज १६० डेसिबलांवर जातां कामा नये. तो पाळण्याची एक युक्ति फार गोड आहे. खांबाभोंवतीं समुद्रतळावर भोंकें पाडलेली नळी गोल अंथरतात व तींत दाबलेली हवा सोडतात. भोंकांतून बुडबुड्यांची भिंत उठते, आणि तिच्यांत शिरतां-शिरतां आवाज मोडून पडतो. बुडबुड्यांनीं घणास आवरावें! आमच्या देवघराभोंवतीं कोणीं बुडबुडे सोडले नाहींत, याचें आम्हांस वैषम्य नाहीं. परंतु पॉर्पॉइजला अर्ज करावा लागला नाहीं, एवढें मात्र मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

येथवर आमचा रोख आवाजाकडे होता. पुतण्यानें तो दुसरीकडे वळविला. तो म्हणाला, "काका, तुम्हांला चहाचा कप हलतो त्याचं वाईट वाटतं. मला पिंजऱ्याचं वाटतं. स्वच्छ विजेसाठी आम्ही जमिनीत जे घालतो, ते बनतं कसं हे कोणी विचारत नाही." हा प्रश्न घणाच्या ठोक्याहून खोल जाणारा आहे, म्हणून त्यापाशीं थोडें थांबतों.

सिमेंट करण्यासाठीं चुनखडी भाजतात. शंभर भाग शुद्ध चुनखडी भाजली कीं चव्वेचाळीस भाग कर्बवायु होऊन हवेंत जातात. कोळसा जाळा, गोवऱ्या जाळा कीं सूर्याच्या उन्हानें भट्टी तापवा, हे चव्वेचाळीस भाग जाणारच, कारण ते दगडांतच आहेत. पोलादाची गोष्ट निराळी पण तितकीच जड: कोळशाच्या झोतभट्टींतून एक टन पोलाद काढतांना सुमारें दोन टन कर्बवायु बाहेर पडतो. म्हणजे जी पवनचक्की धूर न करितां वीज देते, तिच्या पायाचा धूर आधींच होऊन गेलेला असतो. चक्की पुढें पुष्कळ वर्षें फिरून तें कर्ज फेडते, अनेक पटींनीं फेडते, यांत वाद नाहीं. पण फेडतां येतें म्हणून कर्ज हवें तितकें काढावें, हा हिशेब आमच्या घरांत तरी कोणीं कधीं मान्य केला नाहीं.

हें कर्ज कमी करण्याचे मार्ग आहेत, आणि गंमत अशी कीं त्यांतील एक आपल्या आजोबांच्या घरांत होता. चुन्यांत विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून ते चुना पाण्यांतही घट्ट होईल असा करीत. फुटक्या विटा वायां जात नसत. आजच्या सिमेंटांत त्या सुरखीची जागा दुसऱ्या उष्टावळीनें घेतली आहे. झोतभट्टींत लोखंडावर तरंगणारी मळी दळून सिमेंटांत घालतात; आपल्याकडील मानकाप्रमाणें तिचें प्रमाण सत्तर टक्क्यांपर्यंत जाऊं शकतें, आणि असें सिमेंट खाडीच्या खाऱ्या पाण्यास अधिक टिकतें. वीज-केंद्रांच्या कोळशाची राखही याच कामीं येते. आमच्या घरामागील खांबांत मळीचें सिमेंट होतें व सळया जालन्याच्या होत्या, हें पुतण्यानें चौकशी करून आम्हांस सांगितलें. जालन्यास भंगार वितळवून सळया ओढण्याच्या भट्ट्या आहेत. मोडक्या पलंगाचें, गंजक्या पत्र्याचें तेथें पुन्हा लोखंड होतें व खनिजापासून लोखंड काढण्याचा धूर वांचतो. त्या भट्ट्यांस लागणारी वीज बव्हंशीं कोळशाचीच, हेंही तो सांगावयास विसरला नाहीं. स्वीडनमध्यें २०२१ सालीं कोळशाऐवजीं हायड्रोजन वायूनें खनिजाचें लोखंड करून त्याचें पोलाद प्रथमच एका मोटारींच्या कारखान्यास दिलें गेलें. तें आपल्या पायांत येईल तेव्हां येईल. तोंवर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे लोखंड आणि सिमेंट कमी घालणें, आणि घातलेलें परत काढतां येणें. येथें मेस्त्रींची फळी पुन्हा आठवते.

कारण मळसूत्र मेलेलें नाहीं. उन्हापासून वीज करणाऱ्या तावदानांच्या चौकटी कांहीं देशांत मळसूत्री खुंटांवर उभ्या करितात. विजेच्या तारांच्या खांबांना ताण देणारे दोर अमेरिकेंत कित्येक पिढ्या अशाच खुंटांस बांधले जात आहेत. खड्डा खणावा लागत नाहीं, माती उपसावी लागत नाहीं, काँक्रीट वाळण्याची वाट पाहावी लागत नाहीं. आणि काम संपलें कीं उलट फिरवून तोच खुंट दुसऱ्या शेतांत नेतां येतो. शिवाय मिचेलच्या हातांस जें कळत असे तें आतां यंत्र मोजतें: खांब फिरवितांना जितका जोर लागला त्यावरून तो किती भार पेलील याचा अदमास बांधतात व तो आंकडा खांबागणिक टिपून ठेवितात. (घणाच्या एकेका ठोक्यास खांब किती उतरला यावरूनही असाच अदमास निघतो, हें पुतण्याच्या आग्रहाखातर येथें नमूद करितों.) समुद्रांतील पवनचक्क्यांना एकाऐवजीं अनेक मोठ्या मळसूत्रांचा पाया देतां येईल काय, याचे प्रयोग स्कॉटलंडांत डंडी विद्यापीठानें केले आहेत. आंत शिरतांना तें कमी ओरडतें, हा त्यांतला मोठा लाभ.

खिळा मुळींच निघत नाहीं असेंही नव्हे. नेदरलंडांत आयसलमेअर नांवाच्या सरोवरांत १९९४ सालीं लेली येथें चार पवनचक्क्या एकखांबी पायांवर उभ्या केल्या होत्या. त्या पद्धतीच्या पहिल्या पवनचक्क्यांत त्यांची गणना होते. २०१६ सालीं त्या काढल्या, तेव्हां कंप देणाऱ्या यंत्रानें हलवून-हलवून त्यांच्या नळ्याही उपटून काढल्या. पण त्या लहान होत्या. मोठ्या एकखांबी काढतांना समुद्रतळाच्या मीटर-दोन मीटर खालीं त्या कापाव्या व बाकीचें तेथेंच ठेवावें, असाच सामान्यतः बेत असतो. आमच्या घरामागील खांबांचें तर काय होणार हें उघड आहे. उपकेंद्र पन्नास वर्षांनीं हललें तरी ते गाळांत तसेच राहतील, आणि पुढें तेथें विहीर किंवा भुयार खणणारा कोणी आमच्या पिढीस दोन शब्द ऐकवील.

हा प्रश्न आतां परक्या समुद्रांपुरता राहिलेला नाहीं. २०२४ च्या जून महिन्यांत केंद्र सरकारनें समुद्रांतील पवनचक्क्यांच्या पहिल्या प्रकल्पांस अर्थसाह्य मंजूर केलें: एक हजार मेगावॅट, त्यांतील निम्मे गुजरातच्या किनाऱ्यासमोर व निम्मे तामिळनाडूच्या. गुजरातची जागा खंबायतच्या आखाताच्या तोंडाशीं आहे. त्याच आखातांत नर्मदा आपली रेती आणून टाकते. जिनें केनेडींचे खांब सैल केले तीच. तेथें कोणता पाया घालावा हें ठरविण्याइतकें आमचें ज्ञान नाहीं, आणि ज्यांचें आहे त्यांनीं तें रेती पाहून ठरवावें, कचेरींत बसून नव्हे.

आम्हांस मात्र राहून-राहून गनफ्लीटचें तें ओसाड घर आठवतें. त्याचे खांब मळसूत्री. तत्त्वतः फिरवून काढण्यासारखे. दिवा विझून शंभरांहून अधिक वर्षें झालीं, पण ते कोणीं काढले नाहींत, कारण काढण्याचें काम कोणाच्या नांवावर नव्हतें व त्याचा पैसाही कोणीं बाजूस ठेविला नव्हता. शेजारच्या पवनचक्क्यांचें तसें नाहीं. ब्रिटनच्या २००४ च्या ऊर्जा कायद्यान्वयें त्या उभारणाऱ्यांकडून पुढें काढण्याचा आराखडा आधींच मागवितां येतो आणि त्या खर्चाची हमीही घेतां येते. म्हणजे ज्या पायास काढणें सोपें त्याची व्यवस्था झाली नाहीं, आणि ज्यास काढणें कठीण त्याची, कागदावर कां होईना, झाली.

हें आम्हीं पुतण्यास सांगितलें व विचारलें, "तुझ्या निविदेंत खांब घालण्याचा दर मीटरमागें लिहिलेला असतो. काढण्याचा कोठें असतो?"

तो थोडा वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "काढण्याचं कलमच नसतं, काका."

"मग तें घालावें."

"पुढच्या वेळी सुचवून बघतो," तो म्हणाला. "पण दर काय धरायचा, ते आधी कोणीतरी एक खांब काढून बघितल्याशिवाय कळायचं नाही."

आमच्या ओळखीच्या इंजिनियरांस आम्ही सध्यां हा दर विचारीत आहों. अद्याप कोणीं सांगितलेला नाहीं.